डाव्या पाइपावरचा चरा

हरेशच्या खिशात एक वेळ पाकीट नसेल, पण तार असायचीच. स्लॅबच्या सळया बांधणारा माणूस तो. काळी, मऊ बाइंडिंगची तार आणि ती पिळायची टोकदार लोखंडी आकडी, एवढ्या भांडवलावर त्याने किन्हवली ते मुरबाडपर्यंत कितीतरी घरांची छपरं उभी केली होती. आता तर हाताखाली माणसं होती, लोक मुकादम म्हणायचे. पण खोड गेली नाही. घरात काही तुटलं, निखळलं, लोंबायला लागलं की हा खिशातून तार काढून दोन वेढे द्यायचा, आकडीने पीळ मारायचा आणि विजयी वीरासारखा मागे सरून बघायचा. बादलीची कडी, गोठ्याचं फाटक, म्हाताऱ्याच्या चष्म्याची दांडी, सगळं तारेवर चाललेलं. बायको मीना म्हणायची, "उद्या मला पन बांधून ठेवाल तारंनं." हा म्हणायचा, "तुला बांधायला गुंडाळा पुरायचा नाय."

दसऱ्याच्या सकाळी अंगणात गाड्या धुऊन ओळीने उभ्या केल्या होत्या. हरेशची जुनी मोटरसायकल, शेजाऱ्याचा टेम्पो आणि धाकट्या भावाची, शामची, डर्ट बाइक. ही गाडी म्हणजे गावाला एक नवलच होतं. उंच, हडकुळी, पुढचं मडगार्ड चाकापासून हातभर वर, मागे कुणी बसलं तर त्याचे हालच. पण शामचं पोट तिच्यावर होतं. ठाण्याकडची हौशी पोरं शनिवार-रविवारी अशाच गाड्या घेऊन यायची आणि शाम पुढे राहून त्यांना ओढ्यांतून, डोंगरातून, धरणाच्या कालव्याच्या कडेने फिरवून आणायचा. पोरं चिखलाने माखून, खूश होऊन परत जायची.

हळद-कुंकू झालं, आपट्याची पानं झाली. झेंडूची माळ हँडलला नको, केबल अडकतात, असं शाम म्हणाला. मग हरेशने ती खाली, पुढच्या दोन चकचकीत पाइपांना दोन टोकांनी बांधायची ठरवली. मीना दोरा घेऊन आली.

"दोरा?" हरेश हसला. "पयल्याच उडीला तुटंल तो."

उजवीकडे पीळ छान बसला. डावीकडे शेवटच्या पिळाला आकडी सटकली आणि तिचं टोक पाइपावर आपटलं. टक्. आवाज एवढासा. हरेशने अंगठ्याने जागा पुसली, वरून कुंकवाचं एक बोट टेकवलं आणि नारळ फोडायला गेला.

माळ सुकून काळी झाली तेव्हा शामने पकडीने तार तोडून ती फेकून दिली. पुढे थोड्या दिवसांनी त्याच डाव्या पाइपावर तेलाचं ओलसर कडं दिसायला लागलं. या गाड्यांचा पुढचा शॉकअप म्हणजे एक गुळगुळीत पाइप आणि तो ज्याच्यात वरखाली होतो ती खालची जाड नळी. नळीच्या तोंडाशी रबराचं सील असतं, आतलं तेल आत आणि बाहेरचा चिखल बाहेर ठेवणारं. ते सील कुठे फाटलं, खरचटलं की तेल पाझरतं. पाइपावर घालायचं रबराचं पायमोज्यासारखं आवरण शामने गाडी घेतली त्याच आठवड्यात काढून टाकलं होतं. का, तर फोटोत पाइप चमकलेले दिसतात.

शॉकअप म्हटलं की सरळगावच्या फाट्यावर नवसूचं गॅरेज. नवसू डोंगरापलीकडच्या पाड्यावरचा. शाळेत हरेशच्या बाकावर बसायचा. कल्याणला गॅरेजात राबून काम शिकला आणि इकडे येऊन पत्र्याची शेड टाकली. आवाज मोठा, बढाई त्याहून मोठी. पण सगळ्यात मोठी बढाई तो स्वतःची मारायचा नाही, बायकोची मारायचा. सावळी आधी त्याचा डबा घेऊन यायची, मग पाना हातात द्यायला लागली, मग एके दिवशी स्टूल ओढून कामालाच बसली. आता सीलचं सगळं काम तिचं. "माझा हात इंजिनावर, तिचा शिलावर," नवसू गिऱ्हाइकांना सांगायचा. "डोळं मिटून पाइपावर नख फिरवती. केसाएवढा चरा असला तरी सांगल." सुरुवातीला लोक हसले. मग ठाण्याची पोरं आल्या आल्या विचारायला लागली, सावळीताई आहेत ना?

गाडी नेली ती शुक्रवारची दुपार होती. तेल संपलं म्हणून नवसू मुरबाडला गेला होता. शाम रस्त्याच्या कडेला फोनवर, शनिवारी येणाऱ्या पोरांची जुळवाजुळव करत होता. शेडमध्ये सावळी आणि हरेश दोघंच.

तिने चाक काढलं, ब्रेकचा भाग सुतळीने वर टांगला, बोल्ट ढिले करून शॉकअपचा डावा पाय ओढून काढला. तेल डब्यात ओतलं, ते राखेच्या पाण्यासारखं झालेलं. पाइप झटके देऊन उपसला तसं जुनं सील बाहेर आलं. रॉकेलने पाइप धुतला, कापडाने कोरडा केला आणि खरंच डोळे मिटून तिने खालून वर नख फिरवायला घेतलं. खूप वरती जाऊन नख थांबलं. मागे आलं, पुन्हा गेलं, पुन्हा थांबलं.

"दादा, हितं कायतरी लागतंय."

हरेशच्या कानात तो आवाज वाजला. टक्. इतका स्पष्ट, की त्याने दचकून आजूबाजूला पाहिलं.

"माती असंल सुकलेली," तो म्हणाला.

"माती नखानं निघती. ही नाय निघत. घासायचा बारीक वाटर पेपर संपलाय, नवसू येताना आनील काय तर बगते, नायतर सकाळी मागवते. तेलात बुडवून आडवा फिरवला का जाईल. गाडी उद्या दुपारची न्या."

"उद्या दुपारी? सकाळी शामची मानसं येतात ना. एवढ्या वरती कुठं जातंय सील? बसव गो तू. मी सांगतो ना."

सावळीने त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्याचा शाळेतला दोस्त, वयाने मोठा, शिवाय गिऱ्हाईक. तिने दुधाच्या पिशवीचा तुकडा पाइपाच्या तोंडावर चढवला, म्हणजे नवं सील कडेला फाटत नाही. सीलच्या आतल्या ओठाला तेल लावून ते सरकवलं आणि नळीच्या तुकड्याने सगळीकडून सारखं ठोकत बसवलं. हात असा की बघत राहावं. मग शामला हाक मारून म्हणाली, "भाऊ, चिखलातनं आलास का गाडी तशीच उभी करू नको. माती सुकायच्या आत साध्या पान्यानं धू, जोराचा फवारा नको मारू. वरचं धुळीचं सील उचलून कापडानं पुसून घे. आन ती रबरं चढव परत." शाम हो हो म्हणाला. नवसू आला, नवं तेल भरलं आणि उजेड असतानाच गाडी घरी पोचली.

एवढ्या वरती सील जात नाही, हे हरेशने ठोकून दिलं होतं. उडी मारून गाडी जमिनीवर आदळली की जातं. शामच्या गाडीचं आयुष्य उड्या मारण्यातच चाललेलं. पुढच्याच रविवारी कालव्याच्या रस्त्याने उतरताना त्याने पुढचा ब्रेक दाबला आणि ब्रेकने काही ऐकलंच नाही. पाझरलेलं तेल डिस्कवर उतरलं होतं. गाडी सरळ बांधावर आदळली, शाम पलीकडे. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. मनगट मोडलं. मागून येणाऱ्या पोराने कशीबशी गाडी वळवली, नाहीतर शामच्याच अंगावर गेली असती.

शामला प्लास्टर घालून घरी आणलं आणि हरेश विहिरीवर गाडी धुवायला बसला. धुता धुता हात त्या पाइपावर गेला. त्याने नख फिरवलं. सावळीच्या नखाची सर त्याला नव्हती, तरी अडकलं. एकदा नाही, तीनदा. जागा तीच, जिथे तारेचा पीळ होता. बारीक खळगा, त्याची कड वर आलेली, भोवती तारेचा गंज. प्रत्येक उडीला ही कड सीलच्या ओठाला कापत होती.

तो तिथेच ओल्या दगडावर बसला. आतून शामचं कण्हणं ऐकू येत होतं, मधूनच नवसूच्या नावाने शिव्या. उठून आत जायचं आणि सांगायचं, माझी आकडी लागली रे, सावळी सांगत होती, मीच बसव म्हटलं. एवढंच. पाच पावलांवर दार होतं. पण मनगट गळ्यात बांधलेल्या भावाला हे सांगायचं कसं? आई काय म्हणेल? आणि तार-तार म्हणून रोज हसणारं गाव? हरेश उठला नाही. स्वतःची लाज वाटत होती, पण तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी साइटवरच्या रंगाऱ्याकडून त्याने सगळ्यात बारीक वॉटर पेपर मागून घेतला. सावळी दुसऱ्याच्या गाडीला कसा मारते ते त्याने पाहिलेलं होतं. तेलात बुडवायचा, पाइपाभोवती आडवा फिरवायचा, उभा नाही. गोठ्यामागे बसून त्याने तो फिरवत फिरवत कड बसवली. मग नख फिरवलं. नख सुळकन वर गेलं. हरेशला केवढं हायसं वाटलं! झालं, आता नवं सील टाकलं की टिकेल, गाडी नीट होईल, कुणाचं काही बिघडणार नाही. आपण चूक केली तशी ती निस्तरलीही, असं त्याने स्वतःला पटवलं.

टेम्पोत घालून गाडी फाट्यावर नेली. शाम गळ्यात हात अडकवून आला आणि उतरल्या उतरल्या सुरू झाला. शेडमध्ये दोन-तीन गिऱ्हाइकं होती, बाहेर चहाच्या टपरीवर आणखी.

"शिलां टाकतास का काय टाकतास रे? मेलो असतो मी! पोरांना ग्रुपवर सांगितलंय, नवसूकडं गाडी टाकू नका म्हनून."

नवसूचा चेहरा उतरला. भांडण त्याला नवं नव्हतं, पण ग्रुपवर सांगितलं म्हणजे शनिवार-रविवारचं गॅरेज बसलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने मान फिरवली ती सावळीकडे.

"काय गो? नीट बसवलं नव्हतां? ओठ फाटला असंल तुज्याच्यानं."

"माज्याच्यानं नाय फाटला," सावळी म्हणाली. आवाज शांत होता, खात्रीचा. "पाइपाला चरा हाय. वरती. मी म्हनले हुते, पेपर मारून मंग बसवू. हरेशदादाला इचार. तो हुता हितंच."

नवसूने पाइपावर नख फिरवलं. खालून वर, वरून खाली. पाइप आरशासारखा. त्याने कापडाने पुसून पुन्हा फिरवलं.

"कुठं हाय चरा?"

सावळी पुढे आली. तिने डोळे मिटले. तिचं नख त्या जागी गेलं, थांबलं, चाचपडलं. तिने डोळे उघडले. "हितंच हुता," ती म्हणाली.

"हऱ्या, काय म्हनली हुती का रे ही तुला?"

हरेशने तिच्याकडे पाहिलं नाही. टपरीवरचे लोक बघत होते, शाम बघत होता. हो म्हटलं की पुढचा प्रश्न, मग बसव कोण म्हणालं? त्यापुढचा, चरा गेला कुठे? त्यापुढचा, आला कुठून?

"आठवत नाय," तो म्हणाला.

सावळी ओरडली असती, शपथा घातल्या असत्या, तर हरेशला सोपं गेलं असतं. ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. रागाने नव्हे. एखादी वस्तू ठेवलेल्या जागी नसली की माणूस बघतो तशी. मग हात पुसून शेडच्या मागे गेली.

नवं सील नवसूने स्वतः बसवलं, सगळ्यांदेखत. ठोकताना त्याचा हात जडच पडला, पण टिकलं. महिनाभर शामच्या दोस्तांनी गाडी उड्या मारत फिरवली तरी पाइप कोरडा ठणठणीत. नवसूची छाती फुगली. "माज्या हातचं शील, टिपूस नाय," तो येईल त्याला दाखवायचा. प्लास्टर निघाल्यावर शामनेही ग्रुपवर लिहिलं, काम आता नवसू स्वतः करतो, बिनधास्त टाका. आणि सगळ्यांना आपोआप कळलं की आधीचा दोष कोणाचा होता. नवसूने बायकोला सांगून टाकलं, शिलाला हात लावायचा नाय. पाना देणं, झाडून घेणं एवढं कर.

हरेशने मारलेल्या त्या वॉटर पेपरने गाडी नीट केली होती आणि सावळीला खोटं ठरवलं होतं. हे त्याला कळलं तेव्हा जेवता जेवता त्याचा घास हातात राहिला. मीनाने विचारलं काय झालं. तो म्हणाला, खडा लागला.

पाना द्यायला सावळी गेली नाही. तिने गॅरेजच सोडलं. भाताची झोडणी आटोपली होती, पाड्यावरच्या बायका मजुरीला बाहेर पडत होत्या, त्यांच्याबरोबर ती निघाली आणि उतरली ती किन्हवलीच्या रस्त्यावर एका बंगल्याच्या साइटवर. हरेशच्याच साइटवर. मुद्दाम नव्हे, टेम्पो तिथे आला म्हणून.

सकाळी तिला रेतीच्या ढिगाजवळ पदर खोचून उभी बघितलं आणि हरेशला वाटलं, ही आपल्याला हुडकत आलीय. पण ती हसली. "दादा, तू हायस व्हय हितं? बरां झाला."

त्या दिवसापासून हरेशचं साइटवर मन लागेना. तो तिला हलकं काम द्यायचा, सावलीतलं. चाळणी धर, पाणी मार, तारेचे तुकडे कर. जड घमेलं उचलताना दिसली की दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायचा. हिरी नावाची जुनी मजूरबाई एकदा म्हणालीच, "मुकादम, आमच्या डोक्याला काय लोखंड हाय व्हय?" सगळ्या हसल्या. हरेश हसला नाही. त्याला वाटत होतं असं थोडं थोडं करून फिटेल. पण सिमेंट सिमेंटच असतं. पाणी मारताना, माल ओढताना सावळीची बोटं पांढरी पडत गेली. मग टोकं सोलली. ती संध्याकाळी त्यांना खोबरेल चोळत बसायची.

पौषात, म्हशाच्या जत्रेचे पाळणे रस्त्याने ट्रकमधून जायला लागले तेव्हा, ती एका दुपारी फडक्यात उकडलेले करांद्याचे कंद घेऊन आली आणि हरेशपुढे ठेवले. "डोंगरातलं हायत. कडू नाय. खा."

हरेशने एक सोलला. मीठ लावलेला, गरम.

सावळी समोर बसली. "दादा, तू मला लय सांभाळतोस. मी नवसूला सांगितलां, दादानं मला एकदा पन वाईट शबुद नाय बोलला." मग हाताकडे बघत म्हणाली, "तवा तुजा मला राग आलता. खोटं कशाला सांगू. मला वाटलं, तू मुद्दाम नाय म्हनलास. पन आता वाटतंय, तुजं बराबर असंल. मी बोललेच नसन. मनात म्हनले असन नि वाटलां का बोलले. चरा पन नव्हता ना. त्यानं बगितला, मी बगितला, नव्हताच. माज्या बोटांनाच भास झाला असंल." ती हसली. "नवसू उगंच बढाया मारायचा माज्या."

हरेश उठला. पाणी पिऊन येतो म्हणाला आणि मागच्या भिंतीआड जाऊन उभा राहिला. करांदा अजून त्याच्या मुठीत होता, चेंगरलेला. आपण तिचं काम घेतलं, हे तर त्याला ठाऊक होतं. पण आपण तिची बोटं घेतली, तिची आठवण घेतली, आणि वर ती आपल्याला खाऊ घालतेय! त्याला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती. त्याला रडू आलं आणि रडण्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी तो फाट्यावर गेला. नवसू शटर उघडत होता. हरेशने बसायचीही वाट पाहिली नाही, सगळं सांगून टाकलं. दसरा, तार, आकडी. ती काय म्हणाली आणि आपण काय म्हणालो. गोठ्यामागे मारलेला पेपर. आठवत होतं आणि आठवत नाही म्हटलं, तेही.

नवसूने त्याची गचांडी धरली. हरेशने हात वर केला नाही. मार बसला असता तर बरं, असंच त्याच्या मनात होतं. पण नवसूची पकड सुटली आणि तो स्टुलावर बसला. सावळीच्याच स्टुलावर.

"पेपर तू मारलास," तो म्हणाला, "आन मी छाती फुगवून गावभर. माज्या हातचं शील! थू." त्याने तळहाताने स्टुलाची कड पुसली. "ती खोटं नाय बोलत, मला ठाऊक हुतां रे. बायको हाय माजी. पन मानसां बगत हुती. मला कुनावर तरी ढकलायचां हुतां."

"मी शामला सांगतो. ग्रुपवर पन टाकायला लावतो."

"ग्रुप जाऊ दे खड्ड्यात. तिला सांगितलंस?"

"नाय."

"मंग हितं काय करतोस?"

दोघं एकाच गाडीवरून किन्हवलीच्या रस्त्याला लागले. वाटेत हरेशने शामला फोन लावून सगळं सांगितलं. शामने एकच शिवी दिली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी स्लॅब होता. मिक्सर घरघरत होता, फळ्यांच्या उतारावरून बायकांची रांग घमेली घेऊन चढत होती. मुकादमाला उशीर झालेला बघून कुणीतरी खालून ओरडलंही. आता सावलीतलं काम उरलं नव्हतं. सावळी रांगेत होती, डोक्यावर भरलेलं घमेलं.

हरेश उतारावर चढून तिच्या वाटेत उभा राहिला. "मिक्सर बंद कर रे," तो म्हणाला. घरघर थांबली. रांग थांबली. नवसू खाली खडीच्या ढिगाजवळ उभा होता.

"सावळी," हरेश म्हणाला. आवाज त्याने मोठा ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "पाइपाला चरा हुता. माज्या आकडीनं पडलेला. तू बराबर सांगितलेलास, मीच म्हनलो बसव. मंग मी गुपचूप पेपर मारला, म्हनून नंतर कुनाला लागला नाय. तुज्या बोटांची चूक नव्हती. माजी हुती."

सावळी घमेलं धरून तशीच उभी. सिमेंटचं पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं.

"त्या दिशी," तिने विचारलं, "नवसूनं इचारलां, तवा तुला आठवत हुतां?"

हरेशला वाटलं, नाही म्हणावं. नंतर आठवलं म्हणावं. अजूनही सगळ्यांच्या देखत थोडंसं वाचता आलं असतं.

"हो," तो म्हणाला. "आठवत हुतां."

तिने मान हलवली, हळू, दोनदा. "म्हंजे मी बोलले हुते," ती म्हणाली. त्याला नव्हे, स्वतःलाच. "मला वाटाया लागलेलां, माजा डोसकाच फिरलाय. पडल्या पडल्या रोज तोच आठवीत बसायचे. बोलले का नाय बोलले."

"सावळे," खालून नवसूने हाक मारली. त्याचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "चुकलो गो मी. चल. शिलाचं काम तुजां हाय. गाडी खोलून ठेवलीया एक."

सावळीने घमेल्यावरचा एक हात सोडून बोटं त्याच्याकडे पसरली. टोकं लाल, सोललेली, नखांच्या कडा खाल्लेल्या. "ह्यांना आता काय लागनार? चरा काय, आन पाइप काय."

"भरून येतील."

"येतील तवा बगू. जा तू. गिऱ्हाईक उभां असंल."

मग ती हरेशकडे वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता. रागाची त्याने तयारी केली होती. पाय धरायचे, शिव्या खायच्या, सगळी तयारी होती. तिने घमेलं डोक्यावर नीट केलं.

"मुकादम, बाजूला व्हा," ती म्हणाली. "माल सुकतोय."

हरेश बाजूला झाला. मिक्सर सुरू झाला, रांग हलली. त्या दिवशी स्लॅब पुरा होईपर्यंत सावळी त्याच्याशी तसंच बोलत राहिली, मुकादम म्हणून, अहो-जाहो करून, अगदी मान देऊन.